वृक्षाच्या पोटांतलें बिऱ्हाड

वेरूळच्या लेण्यांची कीर्ति आपणांस नवी नाहीं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील ह्या डोंगराच्या कड्यांत बौद्ध, हिंदु व जैन अशा तीन धर्मांचीं ३४ लेणीं शेजारीं शेजारीं नांदत आहेत. आणि राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दींत, आठव्या शतकांत, ज्याचें मुख्य काम झालें तें कैलास लेणें तर एकाच कातळांतून वरून खालीं कोरीत आणलेलें आहे. पाहणाराचें लक्ष साहजिकच मूर्तींकडे जातें. आजच्या भाषणापुरतें मात्र तें मूर्तींवरून काढून भिंतींवरील मातीच्या गिलाव्याकडे वळवावें, अशी माझी विनंती आहे. कारण ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे, त्याचें दार ह्या गिलाव्यांतूनच उघडतें.

२०१६ सालीं ‘करंट सायन्स’ ह्या शास्त्रीय नियतकालिकांत राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. पहिल्यांनीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यांत रसायनज्ञ म्हणून काम केलेलें, दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. तीनताल ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या १२ व्या लेण्यांतील गिलाव्याचे कण त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, तेव्हां मातींत कालविलेले वनस्पतीचे जे तुकडे व तंतू दिसले ते भांगेच्या झाडाचे निघाले. अजिंठ्याच्या गिलाव्यांत तूस व गवत आहे, पण भांग आढळत नाहीं. आणि तेथील चित्रांचें किड्यांनीं बरेंच नुकसान केलेलें आहे. वेरूळच्या गिलाव्याला तशी कीड लागलेली दिसत नाहीं. यावरून ह्या संशोधकांनीं असें अनुमान काढलें कीं, भांगेच्या अंगच्या कीटकरोधक गुणामुळें हा गिलावा शतकानुशतकें टिकला. त्या कारागिरांपाशीं रसायनशास्त्राचें पुस्तक नव्हतें; परंतु कोणत्या झाडाच्या वाटेला किडे जात नाहींत, एवढें निरीक्षण त्यांच्यापाशीं खचित असावें.

आतां प्रश्न असा कीं, हा किडा दूर ठेवण्याचा गुण झाडाच्या अंगीं येतो कोठून? वनस्पतीला पाय नाहींत, म्हणून शत्रु आला असतां तिला पळतां येत नाहीं. हात नाहींत, म्हणून त्याला झटकतांही येत नाहीं. तेव्हां ती कडू, तिखट, उग्र किंवा विषारी द्रव्यें तयार करून आपला बचाव करते. कडुनिंबाचा कडूपणा, तंबाखूचा तिखटपणा, भांगेचा उग्रपणा हीं सारीं ह्या बचावाचींच साधनें होत. आपलीं कित्येक औषधें म्हणजे ह्या शस्त्रागारांतून आपण उसनीं आणलेलीं शस्त्रें आहेत. भांगेचीं द्रव्यें तिच्याच पानाफुलांवरील बारीक ग्रंथींत तयार होतात. पण सर्वच वनस्पतींच्या बाबतींत असें नसतें. कांहीं वेळां शस्त्र चालविणारा हा घराचा धनी नसून त्या घरांत मुकाट्यानें राहणारा बिऱ्हाडकरू असतो. हा बिऱ्हाडकरू म्हणजे एक बुरशी. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

बुरशी म्हटलें कीं आपल्या कपाळाला आठी पडते. पावसाळ्यांत ती चामड्याच्या वहाणांवर चढते, लोणच्याच्या बरणींत उतरते, ओल धरलेल्या भिंतीवर नकाशे काढते. शेतकऱ्याला ती ज्वारीची काणी, गव्हावरचा तांबेरा, द्राक्षावरची भुरी अशा नांवांनीं परिचित आहे. तुरीचें उभें पीक ज्या ‘मर’ रोगानें माना टाकतें, त्याला कारण होणाऱ्या फ्युजेरियम जातीच्या बुरशीचें नांव व वर्णन पुसा येथील बटलर ह्या शास्त्रज्ञानें १९१० सालीं प्रसिद्ध केलें. शाळेच्या पुस्तकांत बुरशीचे दोन धंदे सांगितलेले असतात: मेलेल्यावर उपजीविका करणें, आणि जित्याला खाणें. तिचा एक तिसराही धंदा आहे. जित्याच्या पोटांत शिरावें, तेथेंच राहावें, आणि त्याला कसलीही इजा करूं नये.

ही गोष्ट डोळ्यांनीं पाहावयाची रीत फारशी अवघड नाहीं. कडुनिंबाचें निरोगी, एकही डाग नसलेलें पान घेतात. तें पाण्यानें धुतात, मग मद्यार्कांत व विरंजक द्रावणांत ठराविक वेळ बुडवून काढतात, म्हणजे वर बसलेले जंतु मरून जातात. पुन्हां शुद्ध पाण्यानें धुऊन त्याचे लहान लहान तुकडे कांचेच्या झांकणाच्या बशींत, समुद्रशेवाळापासून केलेल्या आगराच्या थरावर ठेवतात. कांहीं दिवसांनीं कापलेल्या कडेपासून पांढरे, करडे, काळसर तंतू बाहेर डोकावूं लागतात. हे तंतू बाहेरून चिकटलेले कशावरून नाहींत, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तरही तयार आहे: धुतलेलें अखंड पान दुसऱ्या एका बशींत नुसतें दाबून उचलतात. त्या ठशावर कांहीं उगवलें नाहीं म्हणजे पान वरून शुद्ध होतें, आणि जें उगवलें तें आंतूनच आलें, हें सिद्ध झालें.

कडुनिंबाच्या पानांतील अशा बुरशीवर चेन्नईचे टी. एस. सूर्यनारायणन् व त्यांचे सहकारी यांचें काम २००० सालीं प्रसिद्ध झालें. वाराणशीच्या अभ्यासकांनीं २००७ सालीं त्याच वृक्षाची साल, खोड व पानें मिळून बुरशीचे १८ प्रकार नोंदविले. आजवर ज्या ज्या वनस्पतींचा असा तपास झाला, त्यांतील बहुतेकींच्या पोटीं कांहींना कांहीं बिऱ्हाड सांपडलेंच आहे. शास्त्रज्ञ ह्या रहिवाशांस ‘एंडोफाइट’ म्हणतात. आपण त्यांस अंतर्वासी बुरशी म्हणूं.

ह्या ज्ञानाचा इतिहास मोठा शिकविणारा आहे. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि तेथें भीषण दुष्काळ सुरू झाला. पीक आधीं आपोआप सडतें व त्या सडण्यांतून बुरशी जन्मास येते, असें त्या वेळच्या पुष्कळ विद्वानांचें मत होतें. आंतोन द बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८६१ सालीं प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, क्रम उलटा आहे. बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव आधीं पानांत शिरतो, आणि मग झाड सडतें. वनस्पतीच्या आंत राहणाऱ्या जीवांना उद्देशून ‘एंडोफाइट’ हा शब्द ह्याच द बारीनें १८६६ सालीं वापरला. परंतु केवळ शत्रूचा माग काढून तो थांबला नाहीं. १८७९ सालच्या पुस्तकांत त्यानें सहजीवनाची कल्पना मांडली. दोन भिन्न जातींच्या जीवांनीं एकत्र राहणें म्हणजे सहजीवन. त्यांत दोघांचा लाभ असो, एकाचा असो, अथवा एकाचें नुकसान असो, हे सर्व प्रकार त्यानें त्या एका नांवाखालीं घेतले होते. ज्यानें बटाट्याचा वैरी पकडला, त्यानेंच वनस्पतीच्या पोटांतल्या मित्रासाठींही जागा राखून ठेवली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ह्या मित्राची पहिली स्पष्ट ओळख एका गवतांत झाली. युरोपांत गव्हाच्या शेतांत डार्नेल नांवाचें एक तण उगवतें. त्याचें बीं पिठांत मिसळलें गेलें तर खाणाराला घेरी व झिंग येते, ही गोष्ट तेथें प्राचीन काळापासून ठाऊक होती. १८९८ सालीं फोगल ह्या शास्त्रज्ञाला त्या बियांच्या सालीखालीं बुरशीच्या तंतूंचा एक सबंध थर आढळला. बीं रुजलें कीं ही बुरशी रोपांत चढते, रोप निसवलें कीं नव्या बियांत उतरते. पिढ्यानुपिढ्या ती घराबाहेर पाऊलही टाकीत नाहीं. बाहेरून पाहणाराला ती आहे असा संशयसुद्धां येऊं नये, इतकी ती अबोल.

ह्या शोधाचें खरें महत्त्व कळावयास आणखी ऐंशी वर्षें लागलीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत फेस्क्यू जातीचें एक गवत चाऱ्यासाठीं लाखों एकरांवर लावलें होतें. गवत चिवट, हिरवेंगार, अवर्षणाला न हटणारें. पण तें खाऊन गुरें उन्हाळ्यांत धापा टाकीत, वाळत, आणि हिंवाळ्यांत कांहींचे खूर सडत. १९७७ सालीं चार्ल्स बेकन व त्यांच्या सहकाऱ्यांना त्या गवताच्या पोटांत राहणारी बुरशी सांपडली. तिच्याच द्रव्यांमुळें जनावरांना बाधा होत होती. मग बुरशीविरहित बीं तयार करून पेरलें. गुरें सुधारलीं, पण गवत मात्र कोलमडलें! कीड त्याच्यावर तुटून पडूं लागली, उन्हाळा त्याला सोसेना. ज्या चिवटपणासाठीं तें गवत निवडलें होतें, तो पुष्कळ अंशीं त्या बिऱ्हाडकरूचाच होता. अखेर न्यूझीलंडमधील व अमेरिकेंतील संशोधकांनीं मधला मार्ग काढला. त्याच बुरशीचे असे वाण त्यांनीं हुडकले कीं, जे किडीला दूर ठेवतात पण गुरांना बाधत नाहींत. आणि असे वाण वस्तीस घातलेलें गवत तेथें पेरलें जाऊं लागलें. बिऱ्हाडकरूला हांकलून लावण्यापेक्षां बिऱ्हाडकरू पारखून ठेवणें शहाणपणाचें, हा त्यांतला धडा.

हें नातें किती जुनें असावें? स्कॉटलंडमधील राइनी गांवाजवळच्या दगडांत सुमारें ४० कोटी वर्षांपूर्वींच्या आद्य स्थलवनस्पती जशाच्या तशा अश्मीभूत झालेल्या मिळतात, आणि त्यांच्या पेशींत बुरशीचे तंतू व त्यांच्या शाखा स्पष्ट दिसतात. ज्या कातळांत वेरूळचा कैलास कोरला तो दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तप्त रसाच्या रूपानें पसरला. लेणें खडकापुढें काल जन्मलेलें बालक. आणि खडक ह्या सोयरिकीपुढें तरुण. जमिनीवर वनस्पतीनें पहिलें पाऊल टाकलें त्या काळींच बुरशी तिच्या सोबतीला होती.

आतां ह्या विषयाची महाराष्ट्रांतील वाट पाहूं. ती खानदेशांतून सुरू होते. १९२५ सालीं नंदुरबार येथें मनसुख वाणी यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्राचें शिक्षण पुरें करून ते अमेरिकेस गेले, आणि उत्तर कॅरोलिनांतील एका संशोधनसंस्थेंत मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. ह्या जोडीनें वनस्पतींतून कर्करोगावरील दोन अपूर्व द्रव्यें शोधून काढलीं. चिनी ‘कॅम्पटोथेका’ वृक्षांतून मिळालेलें कॅम्पटोथेसिन त्यांनीं १९६६ सालीं जाहीर केलें. आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालींतून काढलेल्या टॅक्सॉलची रचना १९७१ सालीं. टॅक्सॉलला अमेरिकेंत औषध म्हणून १९९२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. कॅम्पटोथेसिनवर संस्कार करून केलेलीं टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन हीं औषधें १९९६ सालीं आलीं. २०२० सालीं वाणी निवर्तले, तोंवर ह्या औषधांनीं असंख्य रुग्णांच्या आयुष्यांत भर घातली होती.

परंतु ह्या पुण्याईची एक काळी बाजू होती. यूचें झाड फार सावकाश वाढतें, साल काढली कीं मरतें, आणि एका रुग्णाला पुरेल एवढ्या औषधासाठीं अनेक जुनीं झाडें खर्चीं पडत. माणूस वांचवावा तर रान मरतें, रान वांचवावें तर माणूस मरतो, असा पेंच पडला. अशा वेळीं १९९३ सालीं ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत स्टियर्ली दांपत्य व गॅरी स्ट्रोबेल यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, मोंटाना प्रांतांतील एका यू वृक्षाच्या सालींत राहणारी बुरशी बाहेर काढून वाढविली असतां तीही थोडें टॅक्सॉल तयार करते. जगभर आशेची लाट उसळली. आपल्याकडे १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघून तेथें बुरशीपासून पेनिसिलिन होऊं लागलें होतें. तसेंच मोठमोठ्या पात्रांत ही बुरशी पोसून औषध काढावें आणि झाडाला हातही लावूं नये, हें स्वप्न कोणालाही पडावें असेंच होतें.

सह्याद्रीला ह्या स्वप्नाची निकड यूच्या रानांइतकीच होती. आपल्या घाटांतील दमट जंगलांत नरक्या नांवाचें एक लहानसें झाड आहे. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंधी येते; त्याच्या एका जुन्या लॅटिन नांवांतही तो दर्प उतरला आहे. मुंबई इलाख्याच्या टपालखात्यांतील अधिकारी जॉन ग्रॅहम यांनीं मुंबई व आसपासच्या वनस्पतींची जी सूची केली आणि जी १८३९ सालीं छापली गेली, तींत ह्या झाडाला निम्मो ह्या वनस्पतिप्रेमी गृहस्थाचें नांव दिलेलें आहे. ग्रॅहम वारल्यावर सूचीचें उरलेलें काम ह्याच निम्मोनें तडीस नेलें. त्यानंतर सव्वाशे वर्षें नरक्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. पण १९७२ सालीं मुंबईच्या गोरेगांवांतील सिबा संशोधन केंद्रांतून टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन् यांनीं जाहीर केलें कीं, चिनी वृक्षांतील कॅम्पटोथेसिन ह्या झाडांतही आहे, आणि तेंही चांगल्या प्रमाणांत. झालें! ज्या झाडाकडे नाक मुरडून लोक पुढें जात, त्याला परदेशांत भाव आला. घाटांतील रानांत चोरून तोड होऊं लागली, आणि ट्रक भरभरून लांकूड बाहेर जाऊं लागलें. झाडाचा गुण हाच झाडाचा काळ ठरला.

म्हणून २००५ सालची बातमी आपल्या दृष्टीनें विशेष. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंतील पुरी, काझी प्रभृति संशोधक व जर्मनीचे स्पिटेलर यांनीं भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडील नरक्याच्या अंतर्सालींतून एक बुरशी वेगळी केली, ती प्रयोगशाळेंत वाढविली, आणि तिनें कॅम्पटोथेसिन तयार केल्याचें दाखविलें. नरक्याला अभय मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, असें वाटलें.

श्रोतेहो, येथवरची गोष्ट वर्तमानपत्रांतून येते. पुढची फारशी येत नाहीं, आणि खरें मर्म तिच्यांतच आहे. झाडाबाहेर काढलेली बुरशी एका बशींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत अशी कलम करीत नेली कीं तिचें औषध कमी कमी होत जातें. बंगलोरच्या संशोधकांनीं नरक्यांतील बुरशीच्या बाबतींत हा ऱ्हास २०१० सालीं नोंदविला. चिनी वृक्षांतील बुरशीवर काम करणारे सौविक कुसारी व स्पिटेलर यांना तेंच दिसलें, आणि त्याचें एक कारणही त्यांनीं शोधलें. कॅम्पटोथेसिन तयार होण्यास अनेक पायऱ्या लागतात. त्यांतील बऱ्याचशा ह्या बुरशीला येतात. परंतु मधली एक महत्त्वाची पायरी तिला येत नाहीं. त्या पायरीसाठीं लागणारें विकर ती आपल्या यजमान वृक्षाकडून घेते. घरांत असेपर्यंत चूल चालू. घराबाहेर पडली कीं विस्तव मागावयाचा कोणाकडे? आणि नवल असें कीं ही बुरशी फ्युजेरियम कुळांतली, म्हणजे तुरीला मारणाऱ्या बुरशीची भाऊबंद. एकीनें यजमानाचा घात केला, दुसरी यजमानाबरोबर स्वयंपाक करते. मित्र कीं शत्रु हें केवळ कुळावरून ठरत नाहीं; कोणाच्या घरीं, कोणत्या नात्यानें राहते यावरून ठरतें. यजमान दुबळा झाला तर आजचा शांत बिऱ्हाडकरूही उद्यां उलटूं शकतो, हेंही विसरतां कामा नये.

टॅक्सॉलची कथाही अशीच निवळली. २०१३ सालीं जर्मन संशोधकांनीं त्या १९९३ सालच्या बुरशीची व तिच्यासारख्या इतरांची नव्यानें तपासणी केली, तेव्हां झाडापासून स्वतंत्रपणें टॅक्सॉल करण्याची सोय तिच्यापाशीं असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाहीं. औषधाचा तुटवडा संपला तो दुसऱ्याच वाटेनें: यूच्या पाल्यांतून मिळणाऱ्या एका द्रव्यावर रासायनिक संस्कार करून, आणि पुढें यूच्या पेशी पात्रांत वाढवून. पाला पुन्हां फुटतो, साल फुटत नाहीं. म्हणून ही वाट झाडाला परवडणारी ठरली.

मग ह्या अंतर्वासी बुरशीचा उपयोग नाहीं काय? आहे, आणि पुष्कळ आहे. पण तो तिला घराबाहेर ओढून नव्हे, तर घरांत नांदवून. १९९८ सालीं दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांतील अजित वर्मा व सहकाऱ्यांनीं थरच्या वाळवंटांतील झुडपांच्या मुळांपाशीं मिळालेल्या एका नव्या बुरशीचें वर्णन केलें. ती अनेक पिकांच्या मुळांत शिरून राहूं शकते. जर्मनींत जवाच्या रोपांवर केलेले प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत ही बुरशी मुळांत असलेलीं रोपें खारटपणा व रोग अधिक सोसणारीं आणि अधिक उत्पन्न देणारीं ठरलीं. पनामांत कोकोच्या झाडांवर एलिझाबेथ आर्नल्ड यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, ज्या पानांत अंतर्वासी बुरशी वस्तीस घातली, त्यांची करप्यासारख्या रोगानें कमी हानि झाली. अमेरिकेंतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांकाठीं तर एक गवत, त्याच्या पोटीं एक बुरशी, आणि त्या बुरशीच्याही पोटीं एक विषाणु असें तिहेरी बिऱ्हाड आहे. हे तिघे एकत्र असतील तरच गवत त्या तापलेल्या जमिनींत जगतें. २००७ सालीं हें उघडकीस आलें. तिघांपैकीं एकाला काढा, आणि दुसरे दोघे तग धरीत नाहींत.

मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या मुलखाला ह्या गोष्टींचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पाऊस आपल्या हातीं नाहीं. रोपाची सोशिकता कांहीं अंशीं हातीं येऊं शकते. प्रयोगशाळेंतल्या कुंडींत जें साधलें तें उघड्या रानांत, काळ्या जमिनींत, लहरी पावसांत तसेंच साधेल असें मात्र गृहीत धरूं नये. प्रत्येक पिकाची आणि प्रत्येक जमिनीची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. आणि एक इशारा घरच्या वैद्यांसाठीं. कर्करोगावरचें औषध ज्या झाडांतून निघतें, त्याचा पाला किंवा साल घरीं उकळून घेणें म्हणजे विषाशीं खेळ आहे. कॅम्पटोथेसिन मूळ रूपांत इतकें जहाल आहे कीं त्यावर संस्कार केल्यावांचून डॉक्टरांनाही तें वापरतां आलें नाहीं.

शेवटीं एवढेंच सांगतों. एखादा डोंगर उघडा पडला कीं आपण किती झाडें गेलीं याची मोजदाद करतों. त्या झाडांच्या पानापानांत, सालींत, मुळांत जीं अबोल बिऱ्हाडें होतीं, त्यांची मोजदाद कोणत्याही वहींत नसते. त्यांतल्या एखाद्या बुरशीपाशीं उद्यांच्या पिकाची सोशिकता असेल, एखादीपाशीं उद्यांचें औषध असेल. पण नरक्याच्या बुरशीनें आपणांस शिकविलें आहे कीं, तो गुण बाटलींत भरून ठेवतां येत नाहीं. तो झाडाच्या व बुरशीच्या संगतींत असतो. बुरशी प्रयोगशाळेंत जपून ठेवली, आता रानांतलें झाड गेलें तरी चालेल, असें म्हणणाराला हें उत्तर आहे. वेरूळचा कैलास पुन्हां कोरतां यावयाचा नाहीं, म्हणून आपण त्याला राखतों. घाटांतला नरक्या आणि वेरूळच्या माळावरचा कडुनिंब हीं तर त्याहून पुरातन वास्तुशिल्पें आहेत, आणि त्यांत अजून वस्ती आहे. राहत्या घराला कुऱ्हाड लावण्यापूर्वीं आंत कोण आहे, हें विचारण्याची रीत आपण पाळावयास हवी.